तुम्ही विचारलंत म्हणून: रिअलटाइम कर्नल टाकू का?

लिनक्सवर रेकॉर्डिंग करायचंय, लेटन्सी (वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतचा उशीर) कमी हवी, रिअलटाइम कर्नल (लिनक्सच्या गाभ्याचा, उशिराला मर्यादा घालणारा प्रकार) टाकू का, असं इतके जण विचारतात की एकदाच लिहून टाकतो. लगेच नको. आधी सांगा, तुमचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून आल्यावर तुम्हाला ऐकू येतो का? नुसतं गायचं असेल आणि ऑडिओ इंटरफेसवर (माइक-गिटार कॉम्प्युटरला जोडायच्या डब्यावर) डायरेक्ट मॉनिटरिंग असेल तर आवाज कॉम्प्युटरमध्ये न शिरताच हेडफोनमध्ये येतो, मग बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाची जितकी सॅम्पल हाताळतो तो आकडा) 1024 असला तरी काय बिघडतं, ट्रॅक जागेवर सरकवायचं काम आर्डोर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) करतंच. लेटन्सी खरी छळते ती गिटार सॉफ्टवेअरच्या अँपमधून वाजवताना, नाहीतर मिडी कीबोर्डवर सॉफ्टवेअरचा पियानो वाजवताना.

आता हिशोब. 48000 सॅम्पल रेटला (सेकंदाला 48000 सॅम्पल) 128 चा बफर म्हणजे 2.7 मिलिसेकंद. जाणं-येणं, यूएसबी, कन्व्हर्टर सगळं धरून बऱ्याच इंटरफेसवर दहाच्या आसपास जातं. हवेत आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात, म्हणजे दहा मिलिसेकंद म्हणजे अँपपासून तीन-साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवणं, स्टेजवर लोक रोज हेच करतात आणि कुणी तक्रार करत नाही. त्यामुळे 32 च्या बफरमागे धावणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं पण कारण कळत नाही.

आणि मुख्य मुद्दा हा की लेटन्सी ठरवतो बफर, कर्नल नाही. कर्नलवर एवढंच अवलंबून की त्या बफरला आवाज तुटतो की नाही. तुटला की कट्-कट् येतं, त्यालाच एक्सरन म्हणतात. आणि बहुतेक वेळा त्याचं कारण फार साधं निघतं, तुमच्या युजरला रिअलटाइम प्रायॉरिटी घ्यायची परवानगीच नसते, मग ऑडिओचा थ्रेड ब्राउझरच्या टॅबांबरोबर लायनीत उभा राहतो. युजरला ऑडिओ ग्रुपमध्ये टाका (काही डिस्ट्रोंत ग्रुपचं नाव रिअलटाइम असतं), लिमिट्सच्या फाइलमध्ये त्या ग्रुपला आरटीप्रायो (प्रायॉरिटीची मर्यादा) 95 आणि मेमलॉक (रॅममध्ये धरून ठेवायच्या मेमरीची मर्यादा) अनलिमिटेड द्या, आणि लॉगआउट करून परत या, हे शेवटचं लोक हमखास विसरतात आणि मग काहीच बदललं नाही म्हणून मेसेज करतात. पाइपवायर (लिनक्सवर आवाजाची ने-आण करणारा सर्व्हर) असेल तर आरटीकिट (रिअलटाइम प्रायॉरिटी मिळवून देणारी सेवा) बऱ्याचदा हे परस्पर करून देतो, पण जॅक (तसाच दुसरा ऑडिओ सर्व्हर) थेट चालवत असाल तर हे लागतंच.

दुसरं, सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा. पॉवरसेव्हमध्ये सीपीयूचा वेग खालीवर होतो आणि छोट्या बफरला ते झेपत नाही. वायफाय बंद, इंटरफेस हबला नाही तर सरळ पोर्टला. एवढं झालं की पाइपवायरचा क्वांटम (म्हणजे त्याचा बफर) 128 करा आणि पीडब्ल्यू-टॉप (पाइपवायरवर नजर ठेवायची कमांड) उघडून एररचा कॉलम बघत अर्धा तास खरोखर वाजवा, रिकाम्या सेशनवर टेस्ट करून काही कळत नाही.

तरी तुटलं तर कर्नल. त्यातही आधी बूट पॅरामीटरमध्ये (कर्नल सुरू होताना द्यायच्या सेटिंगमध्ये) प्रीएम्प्ट फुल आणि थ्रेडआयआरक्यूज टाकून बघा, नेहमीच्याच कर्नलवर चालतं आणि बऱ्याच जणांचं तिथेच भागतं. प्रीएम्प्ट आरटी, म्हणजे ज्याने कर्नल रिअलटाइम होतो तो भाग, वर्षानुवर्षं वेगळा पॅच म्हणून लावावा लागायचा, 2024 मध्ये 6.12 कर्नलपासून तो मूळ कर्नलमध्येच आलाय, त्यामुळे आता टाकणं पूर्वीइतकं कटकटीचं नाही. फक्त त्याने कॉम्प्युटर फास्ट होईल अशी अपेक्षा नको, एकूण वेग किंचित कमीच होतो. तो फक्त उशिराला मर्यादा घालतो.

मिक्सिंगला बसलात की बफर परत 1024 करा, तेव्हा कुणी वाजवत नसतं आणि प्लगिनना सीपीयू हवा असतो.