कुंड्यांची वजनं, आठवडा सहावा: पानफुटीची रात्रपाळी

झाडाच्या पानांतून किती पाणी वाफ होऊन जातं, ते मी कुंड्यांचं वजन किती घटतं त्यावरून मोजतोय. पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे बाद केले. कुंडीतली माती उघडी होती, त्यामुळे पानांतून किती पाणी गेलं आणि मातीतून किती, ते कळेना. आता कुंडी पिशवीत ठेवून पिशवीचं तोंड खोडाशी दोऱ्याने आवळतो. म्हणजे जी घट दिसेल ती झाडाचीच.

तेरडा अपेक्षेप्रमाणे: दिवसाच्या बारा तासांत ५८ ग्रॅम, रात्री जेमतेम ६. पानफुटीचं गणित निराळंच. माती ओली होती तोवर दिवसा ४, रात्रीही ४. पाणी तोडून बारा दिवस झाले, आता दिवसा काटा हलतच नाही, रात्री मात्र ३ ग्रॅम जातात!

म्हणजे उन्हात तिची पर्णरंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) मिटलेली. रात्री गारव्यात ती उघडतात, आत आलेल्या कार्बन डायऑक्साइडचं मॅलिक आम्ल होऊन पेशींच्या रिक्तिकांत (पेशींतल्या द्रवाच्या पिशव्यांत) साठतं. उजाडल्यावर रंध्रं बंद करून तोच साठा फोडायचा आणि साखर बनवायची. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांना १८१३ साली हे जिभेवर कळलं होतं: पानफुटीचं पान सकाळी आंबट, दुपारी बेचव. पान विषारी असल्याने मी चव घेतली नाही, पीएच पट्टीवर रस टेकवला (आकडा जितका कमी तितका रस आंबट). पहाटे पट्टी ४ च्या रंगावर, संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. तो रंगातला फरक मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

रंध्रं बघायला पानावर नेलपॉलिश लावून, वाळल्यावर सोलून ठसा घेतो. कण्हेरीवर मात्र हा ठसा फसला. तेरड्याच्या पानाखालून रंध्रं ओठांसारखी स्पष्ट उमटतात, कण्हेरीच्या ठशावर नुसते खळगे. मग गाजराच्या चिरेत पान धरून ब्लेडने पातळ काप काढले (चीक विषारी, हातमोजे घालाच). सातवा काप जमला. पानाच्या खालच्या बाजूला खोल कोनाडे, त्यांत केसांची दाटी, आणि रंध्रं त्या केसांच्या आड, आतल्या भिंतीवर. कोनाड्यात दमट हवा अडून राहते, वारा थेट रंध्राला भिडत नाही, म्हणून वाफ हळू सुटते. पॉलिश तिथवर पोचणार कसं!

आता कण्हेरीची कुंडी काट्यावर चढवतोय. अर्ध्या पानांची खालची बाजू व्हॅसलिनने बंद करून घट किती उतरते, ते बघायचंय.