ॲव्हिमोरला अवश्य जा, पण चालामेन गॅपच्या वाटेला जाऊ नका

स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स डोंगरांत मनसोक्त भटकायचे असेल, तर मुक्कामासाठी ॲव्हिमोर हे छोटे गाव अत्यंत सोयीचे आहे, आणि तिथून पाय सुजवून परतल्यावरही माझे हे मत बदललेले नाही. एडिंबरोहून आगगाडीने सुमारे तीन तासांत आणि इन्व्हरनेसहून पाऊण तासात येथे पोहोचता येते. लंडनच्या यूस्टन स्थानकावरून रात्री सुटणारी इन्व्हरनेसची स्लीपर गाडीही सकाळी येथे थांबते. स्थानक, किराणा आणि गिर्यारोहणाच्या सामानाची दुकाने एकाच मुख्य रस्त्यावर आहेत, आणि त्याच रस्त्यावरून ग्लेनमोरमार्गे केर्नगॉर्म शिखराच्या पायथ्यापर्यंत बस जाते. त्यामुळे भाड्याची मोटार घेण्याची मुळीच गरज नाही.

सह्याद्रीत नियमित चालणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: येथील उंचीच्या आकड्यांवर जाऊ नये. कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि ब्रिटनमधील दुसऱ्या क्रमांकाचे शिखर असलेले बेन मकडूई अवघे १,३०९ मीटर, म्हणून हा डोंगर सोपा असेल असा हिशेब येथे चालत नाही. माथ्यावर मैलोन्मैल पसरलेले उघडे पठार आहे, त्याच्या कडांना सरळ तुटलेले कडे आहेत, आणि धुके उतरले की पठार कुठे संपते हे दिसत नाही. केर्नगॉर्मच्या माथ्यावर २० मार्च १९८६ रोजी वाऱ्याचा ताशी १७३ मैल, म्हणजे सुमारे २७८ किलोमीटर इतका वेग नोंदला गेला होता. उन्हाळ्यातही वर बर्फ पडू शकतो.

आता मुख्य मुद्दा. लारिग ग्रू ही केर्नगॉर्म्सच्या मधोमध जाणारी जुनी खिंड आहे. तिच्या माथ्याची उंची ८३५ मीटर असून ती ओलांडून पलीकडे डी नदीच्या खोऱ्यात उतरता येते. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या यजमानांनी आणि तिथे ठेवलेल्या माहितीपत्रकाने आम्हाला शुगर बोल वाहनतळापासून चालामेन गॅप या घळीतून खिंडीत उतरण्याचा मार्ग सुचवला, आणि तो ‘जवळचा व मध्यम स्वरूपाचा’ असल्याचे सांगितले. जवळचा तो आहेच, पण त्याला मध्यम म्हणणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

सुरुवातीची बांधीव वाट हेदरच्या झुडपांमधून आरामात चढते आणि मग एकाएकी संपते. पुढे हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या पाण्याने कोरलेली अरुंद घळ आहे, आणि तिचा तळ दोन्ही बाजूंनी कोसळलेल्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांनी भरून गेला आहे. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ज्यांनी केली आहे त्यांना धोंड्यांतून चालणे नवे नाही, पण तिथल्या खडबडीत बेसॉल्टवर बूट धरतो. येथे धोंड्यांवर राखाडी-हिरव्या दगडफुलाचा थर आहे आणि पावसाची एक सर येऊन गेली की तो साबणासारखा निसरडा होतो. धोंड्यांमधल्या फटी मांडीपर्यंत खोल आहेत, खालून पाणी वाहत असल्याचा आवाज येत राहतो, पण पाणी दिसत नाही. माझ्या सोबत्याची काठी अशाच एका फटीत अडकली आणि ती ओढताना तिचे पोलादी टोक आतच राहिले. काठीच्या जागी घोटा असता तर काय झाले असते, हा विचार उरलेल्या साऱ्या अंतरात डोक्यातून गेला नाही. हा टप्पा जेमतेम काहीशे मीटरांचा आहे, पण त्याने गुडघ्यांतील सारी ताकद शोषून घेतली, आणि पलीकडे गेल्यावर मिळवलेली उंची पुन्हा गमावून खिंडीत उतरावे लागते ते वेगळेच. हिवाळ्यात तर या घळीचे नावही काढू नये. १४ फेब्रुवारी २०१३ रोजी येथे हिमलोट कोसळून तीन जणांचा मृत्यू झाला.

त्याऐवजी कॉयलमब्रिजहून निघा. गावापासून तिथपर्यंतचे तीनेक किलोमीटर रस्त्यालगतच्या पायवाटेने चालता येतात. तिथून वाट रॉथिमर्कसच्या जुन्या पाइनवनातून जाते, १९१२ साली बांधलेल्या केर्नगॉर्म क्लबच्या पादचारी पुलावरून ओढा ओलांडते आणि शेवटपर्यंत हळूहळू चढत राहते. खिंडीच्या माथ्यावर येथेही धोंड्यांचा पट्टा लागतो, पण तो मोकळा आणि कमी उताराचा आहे. कॉयलमब्रिजपासून माथ्यापर्यंत जाऊन परत येणे सुमारे चोवीस किलोमीटरचे आहे आणि त्यासाठी पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. माथ्यापलीकडे थोडे उतरून पूल्स ऑफ डी ही स्वच्छ पाण्याची तळी नक्की पाहावीत. धोंड्यांखालून आलेले पाणी तिथे प्रथमच उघड्यावर दिसते. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा ढग वर सरकले आणि समोर केर्न टूल शिखराचा सारा उतार उन्हात उजळला. त्या क्षणी मी थेट डीच्या खोऱ्यातल्या ब्रेमार गावापर्यंत चालत गेलो असतो, पण पलीकडच्या टोकाहून ॲव्हिमोरला परतायला मोटारीने फार मोठा वळसा पडतो, तेव्हा तो उत्साह आवरावा.

बेन मकडूई केवळ स्वच्छ हवेत करावे. नकाशा आणि होकायंत्र वापरता येत नसेल, तर धुक्यात पठारावर पाऊलही टाकू नये. फोनवरचा नकाशा पुरेसा नाही, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा अंदाज आदल्या संध्याकाळी वाचावा आणि त्यात पावसापेक्षा वाऱ्याचा वेग आधी पाहावा.

लॉख मॉर्लिख आणि लॉख ॲन आयलन ही दोन्ही तळी सुंदर आहेत, विश्रांतीच्या दिवशी पाहून घ्यावीत.

डोंगराच्या पायथ्याहून सुटणाऱ्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच थांब्यावर टिपून ठेवा. बेन मकडूईहून आम्ही उतरलो तेव्हा ती निघून गेली होती, आणि फोनवर एक भाडे सांगणाऱ्या टॅक्सीवाल्याने गावात पोहोचल्यावर ओल्या सामानाचे म्हणून त्याहून बरेच जास्त घेतले. टॅक्सी लागलीच, तर सामानासह एकूण किती ते बसण्यापूर्वी ठरवून घ्यावे. रोज संध्याकाळी पोटऱ्या आणि गुडघ्यामागची जागा गोचिडांसाठी तपासावी, कारण येथील गोचिडांमुळे लाइम रोग होतो. वर कोणी जायबंदी झाल्यास ९९९ वर आधी पोलिसांना आणि त्यांच्यामार्फत माउंटन रेस्क्यूला बोलवावे. हे पथक स्वयंसेवकांचे आहे आणि सुटकेचे पैसे घेत नाही.