तुम्ही विचारलंत म्हणून: नवी पिकअप कशी वाटतेय?

बाजारात, बँकेत, लग्नाच्या मांडवात, जो भेटतो तो हेच विचारतो. "वहिनी, पिकअप घेतलीत म्हणे. कशी आहे? आणि एवढ्या पैशांत कार का नाही घेतली?" उभ्या उभ्या "चांगली आहे" एवढंच सांगून होतं. आता गाडीला चार महिने झाले आणि टोमॅटोचा एक हंगाम तिच्यातून गेला, तेव्हा नीट सांगते.

आमची शेती जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजारापासून 14 किलोमीटरवर. टोमॅटो, कोथिंबीर, मधूनमधून कांदा. गाडी बोलेरो पिकअप, 1.7 टनाची, नऊ फुटी हौदा, 2523 सीसीचं डिझेल इंजिन. चालवते मी. हे शेतातलं आवरतात, तोवर मी ताडपत्री बांधून निघालेली असते.

गाडी पुण्याहून घरी आणली, तेव्हा हौद्यात काहीच नव्हतं. चाकण सोडल्यापासून प्रत्येक स्पीडब्रेकरला मागची बाजू अशी उडायची की हे म्हणाले, "गाडीत काही बिघाड तर नाही ना?" बिघाड नव्हता. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, दीड-पावणेदोन टन पेलायला बनवलेले असतात, रिकाम्या हौद्याखाली ते वाकतच नाहीत. पहिल्या तोड्याला 60 कॅरेट भरले आणि तीच गाडी रस्त्याला धरून शांत चालायला लागली. त्या दिवशी मला कळलं की मी एक नाही, दोन गाड्या शिकतेय. रिकामी वेगळी, भरलेली वेगळी.

भरलेली गाडी थांबायला जागा जास्त घेते, म्हणून ब्रेकवर पाय लवकर जायला हवा. मागून दबली की पुढचे दिवे वर उचलले जातात आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. दिवे खाली करायचं बटण त्यासाठीच असतं, आणि अंधारात निघताना ते फिरवायला मी विसरत नाही. रिकामीचं दुखणं पावसात कळलं. जोर मागच्या चाकांना आणि मागे वजन नाही, त्यामुळे आमच्या पाणंदीत चाकं जागच्या जागी फिरत राहिली. शेवटी शेणखताची आठ पोती हौद्यात टाकली, तेव्हा निघाली. तेव्हापासून पावसाळ्यात दोन-चार पोती मागे असतातच.

लायसन्सचंही खूप जण विचारतात. माझं साधं, हलक्या वाहनाचंच लायसन्स आहे. एकूण वजन 7,500 किलोच्या आत असलेली मालवाहू गाडी त्याच लायसन्सवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी हे पक्कं केलं. नंबरप्लेट मात्र पिवळीच, आणि नव्या गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट दोन वर्षांचं मिळतं, पुढे ते करून घ्यावं लागतं.

आता पैशांचं. फक्त वाहतुकीचं भाडं वाचेल म्हणून घेत असाल तर घेऊ नका, हे मी मनापासून सांगते. आमचा हप्ता महिन्याला 17,000. पूर्वी भाड्याच्या गाडीला कॅरेटमागे 15 रुपये द्यायचो. 72 कॅरेटचे 1,080 वाचले, त्यातून डिझेलचे दोनशे-सव्वादोनशे गेले. तोडे महिन्याला आठ-नऊ. हिशोब करून बघा, अर्धा हप्तासुद्धा निघत नाही. उरलेला शेजाऱ्यांचा माल, नर्सरीतली रोपं, खत अशी भाडी मारून निघतो.

तरी मी ही गाडी पुन्हा घेईन, ती वेळेसाठी. भाड्याची गाडी चार शेतांवरून माल गोळा करत यायची आणि आमचं शेत रस्त्याच्या टोकाला, म्हणून आमची पाळी शेवटची. सकाळी तोडलेला माल दुपारपर्यंत बांधावर पडून राहायचा. बाजारात पोचावं तर व्यापाऱ्यांच्या गाड्या भरत आलेल्या, आणि मग मिळेल त्या भावाला द्यायचा. कोथिंबिरीचं तर विचारू नका. टोमॅटो एखादा तास कळ काढतो, कोथिंबीर नाही काढत. आता जुड्या बांधून झाल्या की गोणपाट भिजवून टाकते आणि तासाभरात बाजारात असते. सगळ्या दिवसांत भाव चांगला मिळाला असं मी म्हणणार नाही. पण माल ताजा असताना भाव ऐकायला मिळतो, नाही पटला तर थोडं थांबता येतं. लग्नाला अठरा वर्षं झाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी घाई न करता विक्रीच्या हिशोबाची पट्टी वाचली.

दोन गोष्टींना मी नाही म्हणते, आणि त्यावरून थोडा रुसवाफुगवाही झाला. एक, हौद्यात माणसं बसवणं. वऱ्हाड असो, देवदर्शन असो, मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाला विम्याचं संरक्षण नसतं. मालाचा मालक मालाबरोबर असेल तर गोष्ट वेगळी. पण वीस नातेवाईक मागे उभे करून घाट चढायची माझी छाती होत नाही, विम्याचं सोडाच.

दुसरी, जादा माल. भरलेलं कॅरेट 22 किलोच्या आसपास भरतं. आमच्या हौद्यात एका थरात 21 बसतात. तीन थरांचे 63, वर आणखी नऊ, आणि तिथे मी थांबते. त्याच मापाच्या गाडीत सहा-सहा थर रचून नेणारे रोज दिसतात. कायद्यात जादा वजनाला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. पण मला दंडापेक्षा घाटातल्या उताराची भीती जास्त वाटते.

परवाच शेजारचे काका बांधावर येऊन उभे राहिले. आमचे 72 रचून झाले होते. म्हणाले, "सूनबाई, माझे पंधराच आहेत, वर बसतील की." मी म्हटलं, "काका, वर नाही बसायचे, पण सावलीत ठेवा, मी परत येते." त्यांना वाटलं, टाळतेय. माल उतरवून तशीच मागे फिरले. मी पोचले तेव्हा काका लिंबाखाली कॅरेटवर ओलं फडकं टाकून बसले होते. पंधरा कॅरेट भरले, फाळका लावला आणि ते माझ्या शेजारच्या सीटवर बसले, मालाचे मालक म्हणून. बाजार अजून भरलेला होता.