ओमानी रियाल: दशांशचिन्हानंतरच्या तीन आकड्यांचा हिशेब

मस्कतला येणाऱ्या नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना मी मुंबईहून निघण्यापूर्वीच एक गोष्ट आवर्जून सांगते, ती म्हणजे इथल्या किमतीचा आकडा लहान दिसला तरी रक्कम लहान नसते. रुपयांत विचार करण्याची सवय असलेल्या माणसाला शंभर-दोनशेच्या आतला कोणताही आकडा किरकोळ वाटतो आणि बारा रियालची पर्स किंवा अठरा रियालचे अत्तर तो फारसा विचार न करता घेऊन टाकतो. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर एक रियाल सुमारे २२१ रुपयांना पडतो, म्हणजे ती पर्स अडीच हजारांच्या पुढे आणि ते अत्तर चार हजारांच्या जवळपास जाते. ओमानी रियाल हे जगातील सर्वांत मोलाच्या चलनांपैकी एक आहे आणि कुवेत व बहरीनचे दिनार सोडले तर याच्या वर फारसे कोणी नाही. त्यामुळे इथे खर्चाचा अंदाज चुकतो तो बहुधा मोठ्या खरेदीत नव्हे, तर तीन-तीन, चार-चार रियालच्या फुटकळ खरेदीत.

एका रियालचे १००० बैसा होतात. आपल्याकडे रुपयाचे शंभर पैसे असल्यामुळे दशांशचिन्हानंतर दोन आकडे वाचायची डोळ्यांना सवय असते, पण इथे प्रत्येक पावतीवर तीन आकडे असतात. उपाहारगृहाच्या पावतीवर १.८५० असे छापलेले असेल तर ते एक रियाल आणि साडेआठशे बैसा होत. फळांच्या दुकानात एका पाटीवर ०.७०० आणि शेजारच्याच पाटीवर नुसते ७०० लिहिलेले दिसेल, पण दोन्हींचा अर्थ एकच, सातशे बैसा, म्हणजे साधारण दीडशे रुपये. बोलताना दुकानदार रियाल आणि बैसा हे शब्द बहुतेक वेळा गाळतात आणि केवळ ‘पाचशे’ म्हणतात. पाचशे म्हणजे अर्धा रियाल हे ध्यानात असले की घाबरायला होत नाही. मस्कतमध्ये बहुतेक दुकानांत हिंदी चालते, तरीही ‘नुस्स’ म्हणजे अर्धा, ‘मिया’ म्हणजे शंभर आणि ‘खम्सा’ म्हणजे पाच एवढे अरबी शब्द कानावर बसवून ठेवावेत, कारण टॅक्सीचे वयस्कर ओमानी चालक भाडे याच शब्दांत सांगतात.

सध्याच्या नोटा १०० बैसा, अर्धा रियाल, १, ५, १०, २० आणि ५० रियाल अशा आहेत. नोटेच्या एका बाजूला सर्व मजकूर अरबीत असतो आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत. अरबी बाजूच्या आकड्यांत मराठी माणसाची हमखास फसगत होते, कारण अरबी पाच हा थेट आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि अरबी शून्य हा केवळ एक ठिपका असतो. साहजिकच पाच रियालच्या नोटेवर एक गोल दिसतो आणि पन्नास रियालच्या नोटेवर तोच गोल व त्यापुढे एक ठिपका. त्या एका ठिपक्यात जवळजवळ दहा हजार रुपयांचा फरक आहे! पैसे देताना नोट उलटून इंग्रजी बाजू पाहावी, हा अगदी सोपा उपाय आहे. नाण्यांवरही अरबी आकडेच असतात, आणि रोजच्या व्यवहारात प्रामुख्याने २५ व ५० बैसांची नाणी हाती पडतात.

जुन्या नोटांबाबत मात्र विशेष सावध राहावे लागते. २०२० पूर्वी काढलेल्या नोटा ओमानच्या मध्यवर्ती बँकेने ३१ डिसेंबर २०२४ नंतर चलनातून बाद केल्या आणि त्यांत २०० बैसांची नोटही गेली. आखातात नोकरी करून परतलेल्यांच्या घरी, कपाटातल्या एखाद्या पाकिटात, अशा नोटा पुष्कळदा सापडतात. ‘जाताय तर एवढे वापरा’ म्हणून कोणी प्रेमाने दिल्या, तर त्या कोणत्या मालिकेतील आहेत हे आधी तपासा.

या चलनाचा इतिहास आपल्या फार जवळचा आहे आणि मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओमानच्या किनाऱ्यावर भारतीय रुपयाच चालत असे, तर आतल्या डोंगराळ भागात मारिया तेरेसा हे चांदीचे नाणे चाले. आखाताकडे जाणाऱ्या रुपयांच्या बदल्यात सोने चोरवाटेने भारतात येई आणि तेच रुपये तिथल्या बँकांमार्फत परत आले की रिझर्व्ह बँकेला त्यांच्यापोटी पौंड मोजावे लागत, त्यामुळे देशाची परकीय गंगाजळी आटत चालली होती. यावर उपाय म्हणून १९५९ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या आपल्या रिझर्व्ह बँकेने केवळ आखातात चालतील अशा वेगळ्या रंगांच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाच्या आधी ‘झेड’ हे अक्षर असे आणि दहा रुपयांची नोट लाल रंगाची होती. पुढे कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचे चलन आणले. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केल्यावर एका डॉलरला ४.७६ ऐवजी ७.५० रुपये पडू लागले आणि उरलेल्या बहुतेक प्रदेशांनीही या रुपयाची साथ सोडली. ओमानने मात्र तो १९७० पर्यंत वापरला आणि त्यानंतर स्वतःचा रियाल आणला.

आज हा रियाल अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे. १९८६ पासून एक रियाल म्हणजे २.६००८ डॉलर हा दर कायम आहे. प्रवाशाच्या दृष्टीने याचा फायदा असा की रियालचा भाव वेगळा शोधत बसावे लागत नाही. डॉलरच्या रुपयातील भावाला २.६ ने गुणले की काम झाले. आमच्यासारख्या इथे राहणाऱ्यांचे तर सारे गणितच या दराभोवती फिरते. पगार तोच राहतो, पण रुपया घसरला की घरी पोहोचणारी रक्कम वाढते आणि त्या संध्याकाळी मस्कतच्या रुवी भागातील एक्स्चेंजच्या, म्हणजे चलन बदलून देणाऱ्या व पैसे घरी पाठवणाऱ्या दुकानांत रांगा लागतात. गावाकडच्या घराचे हप्ते इथून भरणारे कितीतरी जण तो भाव रोज सकाळी फोनवर पाहतात.

याच कारणाने भारतातून निघताना रियालच्या मागे धावण्याची गरज नाही. आपल्याकडे रियाल विकत घेताना दलाली बरीच जाते, त्यापेक्षा डॉलर आणून इथल्या एक्स्चेंजमध्ये बदलले तर भाव ठरलेल्या दराच्या अगदी जवळ मिळतो. एका प्रवासासाठी रोख परकीय चलन ३००० डॉलरपर्यंत आणता येते, आणि सर्वसाधारण सहलीला त्याच्या पाव भागाइतकीही रोकड लागत नाही. मॉल, हॉटेले आणि मोठी दुकाने कार्ड घेतातच. बहुतेक भारतीय कार्डांवर परकीय चलनाचे शुल्क दोन ते साडेतीन टक्के पडते, ते तेवढे गृहीत धरावे. कार्डाच्या यंत्राने रुपयांत पैसे घेऊ की रियालमध्ये असे विचारले तर न चुकता रियाल निवडावे, कारण रुपये निवडल्यास भाव ते यंत्र ठरवते आणि तो आपल्या फायद्याचा कधीच नसतो.

रोकड लागते ती मस्कतच्या मत्राह भागातील बाजारात, टॅक्सीत आणि चहाच्या टपऱ्यांवर. टपरीवरचा कडक चहा शंभर बैसांपासून मिळतो, तिथे वीस रियालची नोट पुढे केली तर सुटे कुठून आणणार? म्हणून पहिल्याच दिवशी एक-दोन मोठ्या नोटा सुपरमार्केटमध्ये मोडून १०० बैसा आणि अर्ध्या रियालच्या नोटा जवळ ठेवाव्यात. मत्राहमध्ये लोबान किंवा चांदीच्या वस्तू घेताना घासाघीस अपेक्षितच असते, पण ती अर्ध्या-अर्ध्या रियालने करावी. एका झटक्यात रियाल कमी करून मागण्यापेक्षा ‘चार नको, साडेतीन’ असे म्हटले तर दुकानदारही खुशीत बोलतो आणि तो अर्धा रियाल आपले शंभराहून अधिक रुपये वाचवतो. ५ टक्के मूल्यवर्धित कर एप्रिल २०२१ पासून लागू आहे, त्यामुळे उपाहारगृहात दरपत्रकावरील किंमत करासह आहे का, हे मागवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

परत निघताना आधी नाणी संपवा, कारण भारतात चलन बदलून देणारे नोटा घेतात, नाणी घेत नाहीत. १०० बैसांच्या उरलेल्या नोटाही विमानतळावर पाणी किंवा खजूर घेण्यात खर्ची घालाव्यात आणि मोठ्या नोटा तेवढ्या बदलून घ्याव्यात.