शाळेच्या पाळकांचा जीवनवृत्तांत लिहायला बसाल तेव्हा

मिशन शाळेचे पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, वारले की दफनविधीच्या आदल्या रात्री कुणीतरी घाईघाईत पानभर जीवनवृत्तांत लिहून काढतो. जन्म, शिक्षण, दीक्षा, कुठे किती वर्षे सेवा, मागे पत्नी, मुले, सुना, नातवंडे. एप्रिल-मेच्या सोलापुरात दफन लांबवणे अवघड. भाड्याची शीतपेटी आणली तरी वीज जाण्याची धास्ती असतेच. त्यामुळे ते पान तसेच होणार, त्याला इलाज नाही. पण तीन-चार आठवड्यांनी स्मरणसभेत तेच पान पुन्हा वाचले जाते, हे टाळता येते.

मूळ अडचण अशी की चॅप्लेनचे, म्हणजे शाळेच्या पाळकांचे, काम कोणत्याच दप्तरात नसते. अनुदानित शाळेत ते बहुधा शिक्षक म्हणून नेमलेले असतात. सेवापुस्तकात वेतनश्रेणी, रजा, ५८व्या वर्षी निवृत्ती एवढेच सापडते. चर्चच्या रजिस्टरात बाप्तिस्मे, लग्ने, दफने. परिपाठ संपल्यावर रडत उभ्या राहिलेल्या पोराला बाजूला घेणे, वसतिगृहात तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्र काढणे, फी थकली म्हणून शाळेत यायची बंद झालेल्या मुलीच्या आईला विडी कारखान्याच्या सुट्टीच्या वेळी गाठणे, यातले काही कुठे लिहिलेले नसते. ते माहीत असते पत्नीला, मुलांना, शिपायाला आणि वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशींना. लिहिणाऱ्याने आधी या मंडळींकडे जावे, मुख्याध्यापकांकडे नंतर.

‘सर कसे होते?’ असे विचारलेत तर ‘देवमाणूस होते’ एवढेच उत्तर मिळेल, आणि त्याचा काही उपयोग नाही. विचारायचे ते असे: सकाळी कितीला उठायचे? शाळेत कशाने जायचे? खिशात काय असायचे? चिडायचे कशावर? पगार झाला की पहिला खर्च कोणता? डब्यात काय नेत, आणि तो डबा स्वतः खात का? कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा रोज अर्धा दुसऱ्याच कुणाच्या पोटात जात असेल तर ते घरच्यांनाच ठाऊक असते, कारण संध्याकाळची भूक घरी येते. असे एक वाक्य मिळाले की ‘अत्यंत दयाळू’ हे दोन शब्द खोडून टाकावेत.

पाळकीणबाईंशी एकटे बोला. मुले शेजारी बसली की त्या ‘मुलांच्या वडिलां’बद्दल बोलतात, नवऱ्याबद्दल बोलत नाहीत. आणि त्यांनी स्वतः केलेले कामही विचारून घ्या, कारण त्या आपणहून सांगणार नाहीत. वसतिगृहाच्या पोरांच्या गणवेशाची तुटलेली बटणे, नाताळच्या करंज्यांचे घाणे, अवेळी आलेल्या पालकांचा चहा, हे सगळे त्यांच्या बिनपगारी नोकरीत येते. मुलांना वेगळे भेटा. बहुतेक चॅप्लेनच्या घरी २५ डिसेंबर चर्चचा आणि वसतिगृहाचा असतो, घरचा नाताळ २६ला उरकतो. याची तक्रार मुलांच्या मनात असते. ती लिहून घ्या, घरच्यांना वाचून दाखवा आणि त्यांनी होकार दिला तर वृत्तांतात एक वाक्य ठेवा. घरासाठी वेळ काढताना या माणसाची किती ओढाताण झाली, हे त्या एका वाक्यात जितके कळते तितके ‘आदर्श पिता’मध्ये कळत नाही.

तारखांची गोष्ट निराळी. जन्मतारीख १ जून दिसली की थांबा. जुन्या काळी शाळेत नाव घालताना वय बसवण्यासाठी गुरुजी सर्रास हीच तारीख टाकत. लहानपणी बाप्तिस्मा झाला असेल तर चर्चचे रजिस्टर खऱ्या तारखेच्या जास्त जवळ नेते. मोठेपणी झाला असेल तर त्याचा उपयोग नाही, मग घरातल्या वडीलधाऱ्यांनाच विचारावे. लग्नाची तारीख चर्चच्या विवाह रजिस्टरातून घ्यावी. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे ती नोंद ठेवावीच लागते.

दुसरी नेहमीची चूक काळाची. ‘१९६६ साली सीएनआयमध्ये दीक्षा’ असे छापून जाते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झाले २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूरला. अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेच्या परंपरेतल्या मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, त्याआधी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात होत्या. तसेच सोलापूरची महानगरपालिका झाली १९६४ साली. त्याआधीच्या नोकरीसाठी नगरपालिका शाळा असेच लिहावे. बारीक वाटते, पण सभेला आलेला एखादा निवृत्त शिक्षक हेच पकडतो आणि मग बाकीच्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडतो.

आता ऐकणारे कोण, ते पाहा. सोलापूरच्या मिशन शाळेतल्या चॅप्लेनच्या स्मरणसभेला पद्मशाली, लिंगायत, मुस्लिम, मराठा, दलित अशा सगळ्या घरांतले माजी विद्यार्थी येतात. निम्म्यांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते. ‘प्रभूच्या द्राक्षमळ्यात राबले’ हे चर्चमधल्यांना कळते, बाकीचे सतरंजीकडे बघत बसतात. सरळ लिहा. ‘शाळेतल्या प्रत्येक मुलाला बायबल शिकवले’ असेही लिहू नका. राज्यघटनेच्या कलम २८(३)प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून कुणा मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. चांगले चॅप्लेन ते पाळतात. मूल्यशिक्षणाचा तास सगळ्यांचा आणि बायबलचा तास वेगळा ठेवतात. प्रेमापोटी लिहिलेल्या त्या एका वाक्याने शाळेला उगाच त्रास होऊ शकतो.

वाचनाला सात मिनिटे पुरेत. मराठी शांतपणे मोठ्याने वाचली तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात, म्हणजे सातशे-साडेसातशे शब्द. १६ पॉइंटमध्ये, पानाच्या एकाच बाजूला छापा. वाचणारी व्यक्ती घरातली नको, मध्येच गळा दाटतो आणि सभा थांबते. जुना विद्यार्थी बरा. पण दोन प्रती दोघांकडे असू द्या.

सभा शनिवारी संध्याकाळी पाचला ठेवली तर शिक्षक मोकळे असतात आणि रविवारची उपासना अडत नाही. तेराव्याची सक्ती नसल्याने तारीख निवडायला मोकळीक आहे. फक्त जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचे दिवस आणि फेब्रुवारी-मार्चमधली दहावीची परीक्षा टाळा. सगळे मिळून दीड तास. दोन गीते, बायबलवाचन, प्रार्थना, जीवनवृत्तांत, चार जणांच्या आठवणी प्रत्येकी तीन मिनिटे, पंधरा मिनिटांचा संदेश, आशीर्वाद. गीतांचा नुसता क्रमांक सांगू नका, बाहेरच्यांकडे गीतपुस्तक नसते. शब्द छापून वाटा, अभंगाच्या चालीचे गीत निवडले तर सगळे गातात. सभा बिघडते ती मान्यवरांमुळे. संस्थेचे पदाधिकारी, माजी नगरसेवक, एकेक जण व्यासपीठावरच्यांची नावे घेण्यातच पाच मिनिटे घालवतो. चार वक्ते आधी ठरवा, त्यांत शिपाई किंवा मावशी एक असू द्या, आणि प्रत्येकाला एकच प्रसंग सांगायला सांगा. पाण्याचे जार आदल्या दिवशी मागवा, सोलापुरात नळ रोज येत नाही. दोनशे माणसांना वीस लिटरचे दहा पुरतात.

फ्लेक्सवाल्याकडून नमुना तपासून घ्या. त्याच्या साच्यात ‘कै.’ आणि समई आधीच असते. काही ख्रिस्ती घरांत ‘कै.’ चालते, काहींना मुळीच नको असते. फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की मोठ्या छपाईत फुटतो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. काचेला चिकटलेला जुना फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा.

कागदपत्रांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त सांभाळावे लागते. प्रवचनाच्या वह्या आणि पत्रे घरच्यांची. रजिस्टरे घरी राहिली असतील तर चर्चला किंवा शाळेला पोच घेऊन परत करा. पण चॅप्लेनच्या डायरीत मुलांच्या घरची दारू, मारहाण, पळून जाणे, कर्ज हे सगळे नावानिशी असू शकते. ती मुले आज पन्नाशीची आहेत आणि याच गावात राहतात. अशी पाने ग्रुपवर टाकणे तर दूरच, वृत्तांत लिहिणाऱ्यानेही वाचू नयेत. त्यांचे काय करायचे ते पत्नीने ठरवावे.

त्यांच्या नावाने बक्षीस ठेवायचे ठरले तर एक लाखाच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला साडेसहा हजार येतात. पाच हजार वाटा, बाकी मुद्दलात घाला, नाहीतर दहा वर्षांत त्या रकमेला किंमत उरत नाही. ठेव संस्थेच्या नावे आणि व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव करूनच ठेवा. एखाद्या शिक्षकाच्या खात्यावर ठेवलेली बक्षिसे तो निवृत्त झाला की बंद पडतात. निकष पहिल्या नंबराचा नको, त्याला आधीच पाच बक्षिसे मिळतात.

कबरीवरचा दगड मात्र लगेच बसवू नका, एक पावसाळा जाऊ द्या. इथली काळी माती ओलीने फुगते आणि उन्हात भेगाळते, शिवाय ताजी भर खचते. घाईने बसवलेला दगड तिरका होतो किंवा मधोमध तडकतो. आधी काँक्रीटचा पाया घाला. शहाबादी फरशी स्वस्त पडते पण तिचे पापुद्रे सुटतात आणि अक्षरे पुसट होतात, ग्रॅनाइट घ्या. कोरायचा मजकूर कागदावर मूळ आकारात छापून, वेलांट्या-उकार दोघांनी तपासून, सही करून कारागिराला द्या. नाव शाळेच्या दाखल्यावरचे असावे की मुले हाक मारायची ते, यावर घरात वाद होतो. दोन्ही बसतात; हाकेचे नाव खाली, लहान अक्षरांत.