‘तोडू नका, अख्खा गोळा द्या’ : बुधवारच्या रात्रीचं झटपट मटण

मोठ्याचं, म्हणजे म्हशी-रेड्याचं, मटण आणि भाज्या मोठ्या आचेवर परतून ताटात वाढायला दहा मिनिटं पुरतात, हे मी आता छातीठोकपणे सांगते. पण त्या दहा मिनिटांपर्यंत पोचायला जो छळ झाला, तो सगळा मटणाच्या दुकानातल्या ओंडक्यावर झाला. गॅसवर, कढईत, मसाल्यात काही अडलं नाही. अडलं ते हातात सत्तूर धरलेल्या माणसापाशी, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

मी कामाला मिरजेला जाते. संध्याकाळच्या गर्दीतून सांगलीतल्या विश्रामबागेला घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. बुधवारी आमच्याकडे वशाट लागतंच. रस्सा करायचा तर वाटण, कुकर, वर परत उकळी, आणि पानं घ्यायला दहा. मुलगा क्लासवरून भुकेजून येतो. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, शुगरची गोळी असते, त्यामुळे त्यांना ताटकळत ठेवता येत नाही. शिवाय त्यांना कवळी आहे. म्हणजे मटण लवकर तर व्हायलाच हवं, आणि त्यांना चावता यायला हवं. ते ताटात तुकडे बाजूला काढून नुसता भात खातात तेव्हा काही बोलत नाहीत, पण मला ते बघवत नाही.

अशा परतून करायच्या पाककृतीत बीफ लिहिलेलं असतं. आपल्या राज्यात गाय कापायला १९७६ च्या कायद्यापासून बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे इथे दुकानात मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं, जनावर तपासून दाखला मिळाल्यावर कापलेलं. रंगाने गडद, चरबी कमी, आणि बहुतेक वेळा वयाने मोठं जनावर. परदेशातल्या पाककृती कोवळ्या, दोन-अडीच वर्षांच्या जनावराचं मांस धरून लिहिलेल्या असतात. त्यातली मिनिटं जशीच्या तशी आपल्या मटणाला लावून चालत नाही. जनावराचं वय वाढतं तसे मांसातले चिवट धागे पक्के होत जातात. ते मऊ पडतात तास-दीड तास शिजल्यावर, आणि परतण्यात तेवढा वेळ कोण देणार? म्हणून सगळं अवलंबून राहतं ते मांस कुठल्या भागाचं घेतलं आणि कसं कापलं यावर.

आता दुकानाचं सांगते.

मी म्हणायची, ‘हाडाशिवाय अर्धा किलो, एकाच भागाचा अख्खा गोळा द्या. तोडू नका.’ समोरून, ‘हो ताई, देतो की.’ आणि पिशवीकडे बघेपर्यंत गोळ्याचे इंचाइंचाचे तुकडे झालेले. त्यात मांडीचं मांस, नडगीचं मांस, मानेचा एखादा तुकडा, पांढऱ्या शिरा, पडदा, सगळं एकत्र. वर वजनाला एक हाड. मी म्हटलं, मला परतायचंय, पातळ काप करायचेत. तर उत्तर ठरलेलं, ‘कुकरला लावा की, चार शिट्ट्यांत लोणी होतंय.’ अहो, कुकरला लावायचं असतं तर मी गोळा मागितला असता का?

त्यांच्या दृष्टीने मी उगाच किरकिर करत होते. पण तुकडे का नकोत याला कारण आहे. मांसाला धागा असतो, साडीच्या पोतासारखा एका दिशेने जाणारा. अख्खा गोळा समोर असला की तो धागा डोळ्यांना दिसतो आणि सुरी त्याला आडवी चालवता येते. आडवं कापलं की लांब धागे आखूड होतात आणि दाताला कमी काम राहतं. एकदा तुकडे पडले की प्रत्येकाचा धागा वेगळ्या तोंडाला. त्याहून वाईट म्हणजे भागांची भेसळ. मांडीच्या आतल्या मांसाचा पातळ काप दीड मिनिटात होतो, जास्त ठेवला तर वातड होतो. नडगीचं मांस दीड मिनिटात खाण्याजोगं होतच नाही. दोन्ही एका पिशवीत दिलीत तर मी आच ठेवू कुठली?

मग मी आदल्या रात्री फोन करून ठेवायला लागले. ‘ठेवतो’ म्हणायचे. जाऊन बघावं तर मदतीच्या पोराने सगळं आधीच तोडून परातीत मांडलेलं. मालक म्हणाले, ‘एकच झालं ना ताई, शेवटी मटणच.’ मागे रांग, प्रत्येकाला घरी जायची घाई, आणि मी तिथे धाग्यावर भाषण कसं देणार? पैसे मोजून मुकाट्याने निघायचं आणि घरी येऊन रस्साच करायचा. रस्सा चांगला व्हायचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझे पैसे, माझं मटण, आणि ते कसं कापायचं हे मी ठरवायचं नाही, हे मला आजही पटत नाही. कापड दुकानात कुणी न विचारता कात्री लावतं का?

सुटका झाली ती मिरजेत. कामाच्या वाटेवरच्या एका जुन्या दुकानात सकाळी गेले, गर्दी व्हायच्या आत. तिथल्या चाचांनी पहिला प्रश्न केला, ‘कशाला पाहिजे?’ कुणीतरी विचारलं, याचंच मला इतकं बरं वाटलं! परतायला म्हटल्यावर त्यांनी मांडीच्या आतला गोळा काढून हातावर ठेवून दाखवला, वरचा पांढरा पडदा पातळ सुरीने सोलून काढला आणि म्हणाले, पाठीच्या कण्याखालची पट्टी, म्हणजे अंडरकट, सगळ्यात मऊ, पण ती हॉटेलवाले आधी सांगून नेतात; हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली. बुधवारी खायचं तर मंगळवारी घ्या. ताजं कापलेलं जनावर आधी ताठतं आणि त्या अवस्थेतलं मांस किती परतलं तरी चिवट लागतं. एक रात्र फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात झाकून ठेवलं की सैल पडतं. कामाच्या ठिकाणच्या फ्रीजमध्ये मी डबा ठेवते आणि संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणते.

बाकीचं भराभर सांगते, कारण त्यात खरंच काही कठीण नाही.

बुधवारी घरी आल्याबरोबर गोळा फ्रीजरमध्ये, अर्धा-पाऊण तास. दगड व्हायला नको, घट्ट व्हायला हवा. तेवढ्यात भाज्या चिरायच्या. मग काप, चपातीच्या जाडीहून थोडे जाड, तीन-चार मिलिमीटर. मी सुरीपेक्षा विळीवर करते. घट्ट गोळा फडक्यात धरून दोन्ही हातांनी पात्यावर ढकलला की एकसारखे काप पडतात. विळीला धार हवी, नाहीतर मांस फाटतं.

पाव किलो कापांना अर्धा चमचा खायचा सोडा चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. सोड्याने मांसाचा आंबटपणा कमी होतो, त्यामुळे तापल्यावर ते आवळून बसत नाही आणि पाणी कमी सोडतं. नंतर दोन पाण्यांनी धुवायचंच, नाहीतर साबणासारखी चव येते. धुतल्यावर फडक्याने टिपून कोरडं करायचं. सासूबाई कच्च्या पपईचा गर लावायच्या. मोठ्या तुकड्यांना तो छान, पण पातळ काप त्याने वरून पिठूळ होतात. मग एक चमचा कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा सोया सॉस, भरडलेली मिरी आणि थोडं तेल. मीठ नाही, सॉसमध्ये पुरेसं असतं.

कढई लोखंडी, तिच्यातून धूर येईपर्यंत तापवलेली. तेल रिफाइंड शेंगदाण्याचं. मांस एकदम सगळं ओतायचं नाही. मूठ-दीड मूठ टाकायचं, पसरायचं, अर्धा मिनिट न हलवता ठेवायचं आणि मग उलटायचं. सगळं एकदम टाकलं की कढई थंड होते, पाणी सुटतं आणि मटण परतायच्या ऐवजी उकडतं. आतला लाल रंग गेला की ताटलीत काढायचं.

त्याच कढईत आलं-लसूण, मग गाजर आणि फरसबी, मग ढोबळी मिरची, कोबी. भाज्या घरी आल्या आल्या धुऊन निथळत ठेवा, ओल्या भाजीने पुन्हा तेच पाणी. फरसबी जून असेल तर आधी उकळत्या पाण्यातून काढा. शेवटी मटण परत आत, चमचाभर व्हिनेगर, चिमूट साखर, कांद्याची पात. मिनिटभरात गॅस बंद. भात आधीच लावलेला असावा, हे आधी सांगायचं राहिलं.

अण्णांनी पहिल्या वेळी सगळे काप खाल्ले आणि अजून आहे का विचारलं. दुसऱ्या दिवशी मी हे शेजारच्या वहिनींना अभिमानाने सांगितलं. त्यांना दुकानाचा पत्ता दिला आणि काय म्हणायचं तेही लिहून दिलं: मांडीच्या आतलं, हाडाशिवाय, पडदा काढून, एकच गोळा. आणि सत्तूर खाली येण्याआधी म्हणायचं. पिशवी हातात आल्यावर म्हणून उपयोग नाही.