न वापरलेल्या कार्डाची थकबाकी : माझा अनुभव

अमळनेरला घर बांधायला घेतलं आणि गृहकर्जाची फाइल बँकेत अडकली. कारण निघालं माझ्या नावावरचं एक क्रेडिट कार्ड. त्या कार्डावर मी कधी एक रुपयाचीही खरेदी केलेली नव्हती. ते चालूसुद्धा केलेलं नव्हतं. तरी माझ्या सिबिल रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्ज आणि कार्डांच्या परतफेडीची नोंद असते त्या अहवालात, ते थकीत दिसत होतं, आणि रक्कम सहा हजारांच्या वर गेली होती. हे प्रकरण मिटवताना जे जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे. अशीच अडचण घेऊन बसलेली माणसं मला सारखी भेटतात आणि सगळ्यांना एकच सल्ला मिळालेला असतो : भरून मोकळे व्हा.

कार्ड आलं कुठून ते आधी सांगते. लग्नाआधी मी जळगावच्या एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात हिशेबाचं काम करायचे. २०२२ च्या दिवाळीनंतर कारखान्याने सगळ्यांची पगाराची खाती एका खासगी बँकेत उघडली. बँकेचा माणूस कारखान्यातच फॉर्म घेऊन आला होता. खात्याच्या कागदांबरोबर कार्डाच्या अर्जावरही सह्या झाल्या. 'लाइफटाइम फ्री आहे, राहू द्या,' असं तो प्रत्येकाला सांगत होता. कार्ड घरी आलं. मला गरज नव्हती, म्हणून मी ते चालू केलं नाही. पुढे लग्न झालं, अमळनेरला आले, आता इथल्या दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करते. बचत खात्यात नवा पत्ता आणि नवा मोबाइल नंबर नोंदवून घेतला होता. बँकेने तो कार्डाच्या खात्यात घेतलाच नाही. कार्डाची बिलं पिंप्राळ्यातल्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर जात राहिली.

दुसऱ्या वर्षी ४९९ रुपये वार्षिक शुल्क लागलं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८८ रुपये ८२ पैसे. ते भरलं गेलं नाही म्हणून लेट फी, लेट फीवर जीएसटी, वर व्याज, व्याजावर पुन्हा जीएसटी. पुढच्या वर्षी परत वार्षिक शुल्क. सहा हजार असे झाले. यात माझी खरेदी शून्य.

गृहकर्जाच्या बँकेतले साहेब भले माणूस. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून नोंद दाखवली आणि म्हणाले, 'ताई, आधी तुमचा पूर्ण रिपोर्ट काढा आणि घरी शांतपणे वाचा.' हा सल्ला मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. आपल्या देशात क्रेडिटची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण नोंदी चौघींकडे जातात. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वेबसाइटवर पैसे मागणारे पर्याय आधी दिसतात; फुकटचा पर्याय शोधावा लागतो, पण असतो. मी चारही काढले. तीन ठिकाणी हीच थकबाकी होती.

रिपोर्ट वाचताना फक्त स्कोअरकडे बघू नका. स्कोअर ३०० ते ९०० मधला एक आकडा असतो. खरी माहिती खाली प्रत्येक खात्याच्या रकान्यात असते. तिथे महिन्यागणिक हप्ता किती दिवस उशिरा आला ते लिहिलेलं असतं, आणि सिबिलच्या रिपोर्टमध्ये हा इतिहास ३६ महिन्यांपर्यंतचा दिसतो. माझ्या त्या कार्डापुढे ३०, ६०, ९० असे आकडे चढत गेले होते. हे बघितल्यावरच माझं मन पक्कं झालं. कारण सहा हजार भरले असते तर थकबाकी शून्य दिसली असती, पण ते उशिराचे महिने तसेच राहिले असते. जी बाई कधी हप्ता चुकली नाही तिच्या नावावर हप्ते चुकवल्याचा इतिहास पुढची काही वर्षं बसला असता.

घरात माझ्या बाजूने कोणी नव्हतं. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, म्हणाले, 'भरी टाक वं माय, सहा हजारनी काय गोट शे?' त्यांचं चूक नव्हतं. आप्पांची सगळी देवघेव गावातल्या विकास सोसायटीशी. पीककर्ज भरलं, सचिवाकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा कागद, घेतला, विषय संपला. त्या दाखल्यावर 'इतके दिवस उशीर झाला होता' असं कोणी लिहीत नाही.

त्याच सुमारास वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले. नवा नंबर त्यांना आता बरोबर सापडला होता. आधी 'मिनिमम भरा', मग 'निम्मे भरा, सेटलमेंट करून टाकू, लगेच क्लोज होईल'. इथे फार सांभाळा. सेटलमेंट केलेलं खातं रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' असं येत नाही, 'सेटल्ड' असं येतं. पुढची बँक त्याचा अर्थ असा घेते की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, बँकेने उरलेले सोडून दिले. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराचं वाहनकर्ज याच एका शब्दावर नाकारलं गेलं. त्याला वाटत होतं आपण सगळं मिटवलंय. फोनवर मी एकच वाक्य धरून ठेवलं : जे सांगायचं ते लेखी पाठवा. लेखी काही आलं नाही. आणखी एक माहीत असू द्या : वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि शिवीगाळ, धमकी किंवा नातेवाइकांत बदनामी तर कधीच चालत नाही.

मग मी नियम वाचायला बसले. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दलचे निर्देश २०२२ मध्ये आले आणि बहुतांश १ जुलै २०२२ पासून लागू झाले. भाषा अवघड आहे, पण माझ्या कामाच्या जागा सापडल्या तेव्हा मला एकटीला स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने वाचावंसं वाटलं. कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत ग्राहकाने चालू केलं नाही तर बँकेने ओटीपी घेऊन त्याची संमती विचारायची. संमती नाही मिळाली तर सात कामकाजाच्या दिवसांत खातं बंद करायचं, तेही ग्राहकाला खर्च न लावता. कार्ड चालू होण्याआधी त्याची कोणतीही माहिती क्रेडिट कंपन्यांना पाठवायची नाही. थकबाकीदार म्हणून नाव कळवण्याआधी ग्राहकाला सूचना द्यायची. न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवायचं नाही. माझ्या बाबतीत यातलं एकही पाळलं गेलं नव्हतं.

तक्रार एका पानाची लिहिली. आधी कार्डाचे शेवटचे चार आकडे, मग 'हे कार्ड कधीही चालू केलेलं नाही, सक्रिय केल्याचा पुरावा असल्यास द्यावा', आणि खाली मागण्या : सर्व शुल्क रद्द करणे, खातं बंद करणे, चारही कंपन्यांकडची नोंद मागे घेणे, आणि हे सगळं झाल्याचं पत्र. जळगावच्या शाखेत दिली. काउंटरवर उत्तर मिळालं की कार्डाचा विभाग वेगळा, शाखेच्या हातात काही नाही. मी म्हटलं, तुमच्या हातात नसू द्या, तुमच्या बँकेच्या नावाने आलेला अर्ज आहे, तेवढी पोच द्या. शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठले नाही. तोच अर्ज बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवला आणि तक्रार क्रमांक जपून ठेवला. फोनवर कितीही बोला, पुढे उपयोगी पडते ती तारीख असलेली पोच.

त्याच आठवड्यात क्रेडिट कंपन्यांच्या वेबसाइटवरही चुकीच्या नोंदीची तक्रार टाकली. ती फुकट असते. मात्र कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही. बँकेला विचारते आणि बँकेने होकार दिला तरच बदलते. म्हणून दोन्हीकडे एकदम लढावं लागतं. यासाठी ३० दिवसांची मुदत आहे : त्यात बँकेने २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. माझ्या तक्रारीला पहिलं उत्तर आलं ते 'बँकेने नोंद बरोबर असल्याचं कळवलं आहे' एवढंच. बँकेकडून तर छापील मजकूर आला की शुल्क नियमानुसार आहे. चालू केल्याचा पुरावा मागितला होता, त्यावर एक अक्षर नाही. त्या रात्री मी खचले होते. घराचा पाया भरून पडला होता, सेंट्रिंगवाला विचारत होता, आणि एकदा मनात आलंच की सहा हजार फेकावेत.

नाही फेकले. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. वकील लागत नाही, फी नाही. तक्रार पोर्टलवर टाकता येते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी आपल्या भाषेत कागदावर लिहून चंदीगडच्या केंद्राला पोस्टाने पाठवली तरी चालते. १४४४८ या नंबरवर विचारपूसही करता येते. मी बँकेची पोच, बँकेचं उत्तर, रिपोर्टची पानं आणि नियमातला तो परिच्छेद जोडला. एकच प्रश्न ठळक विचारला : हे कार्ड कोणत्या तारखेला चालू झालं?

या प्रश्नाला उत्तर नव्हतंच. लोकपाल कार्यालयातून बँकेला विचारणा गेली आणि बँकेचा सूर बदलला. स्वतःहून फोन आला, मग ईमेल : सर्व शुल्क रद्द, खातं बंद, थकबाकी शून्य, क्रेडिट कंपन्यांना दुरुस्ती कळवली. मी लोकपालाकडची तक्रार लगेच मागे घेतली नाही. आधी रिपोर्ट पुन्हा काढून बघितले. दोन ठिकाणी दुरुस्ती दिसली, तिसऱ्या ठिकाणी उशिराचे महिने तसेच होते. ते परत लिहून कळवलं, तेही निघालं. उशिराची भरपाईही खात्यात जमा झाली. स्कोअर वर आला, फाइल पुढे सरकली, स्लॅब पडला.

आता आळीतली माणसं कार्डाचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. सगळ्यात जास्त गैरसमज 'मिनिमम ड्यू'चा, म्हणजे बिलातल्या किमान भरायच्या रकमेचा आहे. नणंदेच्या मुलाने लग्नाचा बस्ता कार्डावर बांधला होता, बाकी ४०,००० रुपये, आणि दर महिन्याला २,००० भरून तो निश्चिंत. मी त्याच्यासमोर वही घेऊन बसले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,४००. त्यावर जीएसटी २५२. दोन हजारांतले १,६५२ तिथेच गेले, मुद्दलातून उतरले फक्त ३४८. शिवाय मागची बाकी उभी असेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या तारखेपासून व्याज सुरू. मिनिमम भरल्याने लेट फी टळते आणि खातं थकीत होत नाही, एवढंच. हा दर मोठा वाटतो ना? २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांच्या वरचं वार्षिक व्याज अनुचित ठरवलं होतं; तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. त्यामुळे तशी मर्यादा आज नाही आणि सांभाळायचं आपल्यालाच आहे. त्या पोराने शेवटी पतपेढीतून कमी व्याजाचं कर्ज काढून कार्ड पूर्ण भरलं.

बाकीचे प्रश्न छोटे. आपला रिपोर्ट आपण स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. एकामागून एक बँकांत कर्जाचे अर्ज टाकले तर होऊ शकतो. कार्डावर एटीएममधून रोख काढू नका, त्याला पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवावा असं जाणकार सांगतात. कार्ड बंद करायचं तर बाकी शून्य करून लेखी अर्ज द्या : सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँक तुम्हाला देणं लागते. आणि 'पाच हजार द्या, सिबिल क्लिअर करून देतो' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. बरोबर असलेली नोंद कोणी पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे पडत नाहीत.

मागच्या महिन्यात आप्पांचा रिपोर्ट काढला. त्यात त्यांच्या नावावर ट्रॅक्टरचं कर्ज आहे. आप्पांनी आयुष्यभर भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरट केली. आमच्याकडे एकेका गावात एकाच नावाचे चार-चार पाटील, वडिलांचं नावही तेच. कोणाचं तरी कर्ज यांच्या खात्यात येऊन बसलंय असं दिसतं. पॅन आणि जन्मतारीख जुळत नाही, ते दाखवून तक्रार टाकली आहे. या वेळी 'भरी टाक' कोणी म्हणालं नाही; पोचेची प्रत आप्पांनी स्वतः बेबाकी दाखल्यांच्या पिशवीत ठेवली.